साडेतीन इंच : नौपाड्यातल्या एका डाएटिशियनकडचे तीन महिने

माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते. सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान आहे. त्यामुळे पोटाबद्दल जे लिहिणार आहे ते अंदाजपंचे नाही, मोजलेलं आहे. सकाळी चहाच्या आधी बेंबीवरून टेप धरली की ३४. रात्री साडेनऊला घरी येऊन त्याच जागी धरली की ३७½. एका दिवसात साडेतीन इंच! दुपारी चारपर्यंत पोट डब्ब व्हायचं, टिचकी मारली तर वाजायचं. शिवणाऱ्या बाईनेच स्वतःच्या सलवारींना नाडी काढून इलॅस्टिक घातलं, यावरून काय ते समजा.

हे सगळं वर्षभर सहन केल्यावर यंदा आषाढात नौपाड्यातल्या एका डाएटिशियनकडे गेले. पाच भेटी झाल्या. पहिलीचे १,५०० आणि पुढच्या चार ९०० रुपयांच्या, म्हणजे एकूण ५,१००. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि नौपाडा केवढासा. राम मारुती रोडला कोणी शिंकलं की तलावपाळीला ‘सत्य आहे’ म्हणतात. पण पोट फुगतंय म्हणून अशा कुणाकडे जावं का, पैसे वसूल होतात का, हे मला दुकानात निदान दहा जणींनी विचारलंय. प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी घरचे उपाय झाले. ओवा आणि काळं मीठ, तेही कोमट पाण्याबरोबर. पाण्यात टाकली की फसफसणारी पावडर घेतली, ढेकर आली, बरं वाटलं, तासाभरात पुन्हा तेच. नंतर कळलं की त्या पावडरीत सोडा आणि लिंबाचं आम्ल असतं, दोन्ही पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ती ढेकर बरीचशी पावडरीचीच! त्यात सोडियम भरपूर, म्हणून बीपीवाल्यांनी ऊठसूट घेऊ नये. आमच्या ह्यांना बीपी आहे आणि ते चहासारखी घ्यायचे, ती बंद केली. केमिस्टने चघळायची सिमेथिकोनची गोळी दिली. ती आतले बारीक बुडबुडे एकत्र आणते, वारा सुटायला मदत होते, पण वारा तयार होणं थांबत नाही. सगळ्यांत बरं वाटलं ते हिंगाष्टकाने. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी त्यातली आठ. सासूबाई सांगतात तसं पहिल्या घासाला, गरम भात आणि तुपात कालवून. टेप ३७½ वरून ३७ वर आली. अर्धा इंच कमी नाही हो, आमच्या धंद्यात अर्ध्या इंचात हूक बसतो की नाही ते ठरतं. अजूनही घेते, खरं तर चवीसाठीच.

डाएटिशियनच्या आधी आमच्या पाचपाखाडीच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि तसंच करावं. त्यांनी आधी प्रश्न विचारले. वजन आपोआप कमी झालंय का, शौचातून रक्त जातं का, रात्री पोटदुखीने जाग येते का, उलट्या, ताप, रक्त कमी, घरात कुणाला आतड्याचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर. माझं वय ५२. ते म्हणाले, पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्याने आणि रोज फुगायला लागलं तर गॅस म्हणून सोडून द्यायचं नाही, आधी अंडाशय बघायचे. सोनोग्राफी, सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं केलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी एकही ब्लाऊज सरळ शिवला नाही, एकाची तर बाही उलटी लावली. सगळं नॉर्मल निघालं. आणखी एक तपासणी होती सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार. ती करायची असेल तर आधी गहू बंद करायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नसतं. गहू सोडून मग रक्त दिलं तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. माझ्या दोन मैत्रिणींनी ‘पोळी सोडली, हलकं वाटतं’ म्हणून वर्षापूर्वीच सोडलीय. आता त्यांना ही तपासणी करायची तर आधी काही आठवडे पोळ्या खाव्या लागतील.

आता क्लिनिक. पहिली भेट शनिवारी अकराची होती, बोलावलं पावणेबाराला. बाहेर सहा खुर्च्या आणि समोर टीव्ही, त्यावर कुणीतरी किन्वाची खिचडी करत होतं. आत गेल्यावर बाई चांगल्या. पस्तिशीच्या असतील, मला ‘ताई’ म्हणाल्या, मी त्यांना मॅडम. मी पर्समधून ऑर्डरची वही काढली. तिच्या मागच्या पानांवर मी महिनाभर मापं लिहिली होती, तारीख, सकाळ, रात्र. मॅडमनी वही ओढूनच घेतली. म्हणाल्या, ‘ताई, लोक मला वजन सांगतात, पोट कुणी मोजून आणत नाही.’ मग दोन रात्रींवर बोट ठेवलं, ३५ आणि ३५¼. ‘या दिवशी काय खाल्लं होतं?’ मी तारखा बघितल्या. दोन्ही एकादश्या! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाटा. वर्षभर महिन्यातून दोनदा माझं पोट मला सांगत होतं आणि मी समजत होते की उपासाने हलकं वाटतंय. उपास कसला, एकादशी दुप्पट खाशी!

मॅडमनी मग कागदावर आतडं काढून समजावलं. काही साखरा अशा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या तिथे पाणी ओढून घेतात, आणि पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टन. कडधान्यांत आणखी एक प्रकार, तो पचवायला लागणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, त्यामुळे वाटाणा-छोल्यांनी होणारा वारा हा काही कुणाचा दोष नव्हे. दुधातलं लॅक्टोज, जे मोठेपणी आपल्याकडच्या पुष्कळांना कमी पचतं. आंबा-मधातली जास्तीची फळसाखर. आणि शुगर-फ्री च्युइंगममधलं सॉर्बिटॉल वगैरे. या सगळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी हे नाव आणि हा आहार तयार केला, २००५ च्या सुमारास. ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना तेवढाच वारा जास्त जाणवतो. हे मला पटकन कळलं. एकाच मापाचा ब्लाऊज एकीला ‘मस्त फिटिंग’ वाटतो, दुसरीला श्वास कोंडतो.

पद्धत अशी, की दोन ते सहा आठवडे हे सगळं कमी करायचं, मग एकेक गट परत खाऊन बघायचा, आणि जे सोसतं ते कायमचं परत आणायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी दोनदा बजावलं की ही यादी जन्मभराची नाही. बरेच लोक पहिल्या टप्प्यानंतर बरं वाटलं की तिथेच थांबतात आणि कायमचं अर्धपोटी जगतात. या खाण्यात आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचंही अन्न कमी होतं, म्हणून ते लांबवायचं नसतं.

इथे मी त्यांना एक गुण जास्त देते. माझ्या भाचीने घोडबंदर रोडच्या एका लॅबमध्ये ‘कोणतं अन्न तुम्हाला चालत नाही’ अशी आयजीजी नावाची रक्ततपासणी केली होती, काही हजार रुपये मोजून. रंगीत फाइल मिळाली, चाळीस पदार्थ लाल. ती मी मॅडमना दाखवली. म्हणाल्या, आयजीजी म्हणजे तुम्ही ते अन्न खाता एवढंच कळतं, सोसत नाही असं नव्हे. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटना ही तपासणी करू नका म्हणून सांगतात. भाचीच्या यादीत तांदूळ लाल होता. कोकणातली मुलगी, तांदूळ लाल!

पण मग मॅडमनी छापील कागद दिला आणि माझा विरस झाला. ब्लूबेरी, किन्वा, केल नावाची परदेशी पालेभाजी, लॅक्टोज-फ्री दूध, सावरडोचा पाव. मी विचारलं, ‘मॅडम, भाकरी?’ त्यांनी कागदावर शोधली. नव्हती. पेनने लिहिली. वरी? लिहिली. साबुदाणा, सुरण, लाल भोपळा, पातीचा कांदा. वीस मिनिटं मी विचारतेय आणि त्या लिहितायत. माहिती सगळी होती त्यांना, फटाफट उत्तरं दिली, पण कागद मेलबर्नचाच. ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेणाऱ्या बाईला केल कुठून मिळणार?

सुरुवात कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी केली, हे माझं डोकं. नवमीला खेकडा भजी पोटभर खाल्ली (रात्री ३८¼, आजवरचा उच्चांक), आणि मग चातुर्मासाच्या नावाखाली कांदा-लसूण बंद. आमच्याकडे सासूबाई चार महिने पाळतात, बाकीचे नाही. यंदा सूनही पाळतेय म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की शेजारी सांगून आल्या. मी काही बोलले नाही. पोळीच्या जागी ज्वारीची आणि तांदळाची भाकरी. भाजीत बटाटा, वांगं, गाजर, पालक, भोपळा. डाळ थोडी, मुगाची. अंडी-मासळीत या साखरा नसतात, चालतात, पण श्रावण लागला तसं तेही गेलं. लसणाचं मॅडमनी छान सांगितलं. त्यातलं फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात तांबूस होईपर्यंत परतायच्या, काढून टाकायच्या आणि मग त्या तेलात फोडणी करायची. लसूण बाहेर, वास आत. ह्यांना आजपर्यंत फरक कळलेला नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्यायचा, पांढरा नाही. आणि हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते बघायचं. बाजारातला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो, ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. चिमटीभर हिंगातल्या गव्हाने काही होत नाही हो, पण सिलिअ‍ॅक असेल तर ते महत्त्वाचं. मी जांभळी नाक्याला तांदळाच्या पिठाचा मागितला, दुकानदाराने तीन डब्या उलट्यापालट्या करून शोधून दिला.

बाहेर खायची वेळ आली तर ठाण्यात एक शब्द पुरतो : जैन. ‘जैन मिळेल का?’ विचारलं की पावभाजीपासून सँडविचपर्यंत कांदा-लसूण नसलेलं समोर येतं, कारण कुणी विचारत नाही. अर्थात पाव गव्हाचाच, ते जैन म्हटल्याने बदलत नाही. मिसळ मात्र मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. मामलेदारची मिसळ कायमची सोडणार नाही, सहा आठवडे ठीक आहे.

पंधरा दिवसांत रात्रीचं माप ३६ वर आलं. दीड इंच गेले. पण तिथेच अडलं. पुढचे दहा दिवस ३६, ३६, ३६¼. सकाळही ३४ ची ३४½ झाली. पोट साफ होत नव्हतं. मी वैतागले, भाकरी गिळून गिळून घसा कोरडा पडला होता, आणि दुसऱ्या भेटीत तोंड पाडूनच बसले.

मॅडमनी वही बघितली, मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, तुमच्या दुकानात बाथरूम आहे का?’

नाही. सव्वीस वर्षं नाही. सकाळी दहाला दुकान उघडते, दुपारी दीडला डबा, रात्री नऊला शटर. सार्वजनिक शौचालय चालत सात मिनिटं, आणि ते बघितल्यावर गरज आपोआप संपते. म्हणून मी पाणी पीत नाही. दिवसभरात दीड ग्लास आणि चहा, चहा मात्र पाच कप. सकाळी घाईत, सगळ्यांचे डबे करून, पोट साफ झालं तर झालं. दुकानात कळ आली तर दाबायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायची गोष्ट आहे असंच वाटलं नव्हतं. या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानवाल्या बायका असंच करतात. समोरची बांगडीवाली तर दुपारी बारानंतर पाण्याला हात लावत नाही.

मॅडम म्हणाल्या, कोठा तुंबलेला असला की वायूला वाट मिळत नाही, आणि मल जितका वेळ आत राहील तितका वेळ जिवाणूंना काम मिळतं. गहू-कडधान्यं कमी केल्याने चोथाही कमी झाला, त्यात पाणी नाही, म्हणून अडलं. उपाय सांगितला तो अगदी साधा. रात्री इसबगोल, मोठ्या ग्लासभर पाण्यातून, पाणी कमी घेतलं तर ते उलट बांधतं. गव्हाचा कोंडा नको, त्याने गॅस वाढतो. इसबगोल त्या मानाने सोसतं. घरच्या कमोडसमोर पायाखाली पाट ठेवायचा म्हणजे गुडघे वर येतात, बसण्याची ढब जुन्या संडासासारखी होते. आणि सकाळी नाश्त्यानंतर वीस मिनिटं कुणालाही द्यायची नाहीत. खाल्ल्यावर मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते, ती वेळ गाठायची. ‘आणि दुकानात पाणी प्यायचं. त्यासाठी बाथरूम शोधा. हे तुमचं औषध आहे.’

शोधलं. आमच्या वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, लाज सोडून विचारलं. त्यांनी जास्तीची किल्लीच दिली. त्या बदल्यात मी त्यांच्या दवाखान्याचे पडदे आणि सहा अ‍ॅप्रन दुरुस्त करून दिले. आता बांगडीवालीलाही वर नेते, किल्ली दोघींत एक. माझ्या ५,१०० रुपयांतला सगळ्यांत वसूल झालेला प्रश्न हाच. फक्त तो पहिल्या भेटीत विचारला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते. पहिल्या दिवशीच्या चार पानी फॉर्मवर ‘व्यायाम किती वेळा?’ होतं, ‘जिममध्ये जाता का?’ होतं. संडासाचा प्रश्न नव्हता.

आठवड्याभरात सकाळ पुन्हा ३४, रात्र ३५½.

तिसऱ्या भेटीत श्वासाचं शिकवलं. पोट पुढे येतं म्हणजे दर वेळी आत खूप गॅस भरलाय असं नसतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी पोट फुगलेल्या लोकांचे सीटी स्कॅन काढून बघितले, तर पुष्कळांच्या पोटात गॅस फारसा वाढलेला नव्हता. झालेलं असं की श्वासपटल खाली दाबलं गेलं होतं आणि पोटाची पुढची भिंत ढिली पडली होती. पिशवीचं तोंड वरून दाबलं की ती पुढून फुगते, तसं. मी दिवसभर मशीनवर वाकलेली, श्वास वरच्या वर, छातीतून. मॅडमनी टेबलावर आडवं केलं, एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा नाही. सावकाश सोडायचा. जेवणानंतर पाच मिनिटं. मी दुकानात कटिंगच्या टेबलावर पडून करते, शटर अर्धं ओढून. मदतीला येणारी मुलगी पहिल्या दिवशी घाबरून ओरडली, ‘ताई, काय झालं?’ पुढे सरावासाठी व्हिडिओची लिंक पाठवली, ती इंग्रजीत, एक गोरी बाई चटईवर. मी एकदा बघून बंद केली.

आता खाऊन बघण्याचा टप्पा. हा कंटाळवाणा आहे आणि पैसे याचेच आहेत. एक गट घ्यायचा, तीन दिवस, रोज थोडं वाढवून. मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग दुसरा गट. बाकीचं सगळं तेच साधं जेवण. वहीतल्या नोंदी इथे उतरवते, दुसऱ्या कुणाला जशाच्या तशा लागू होणार नाहीत.

दूध : तिसऱ्या दिवशी पूर्ण ग्लास, रात्री ३५½. म्हणजे बिचाऱ्या चहाचा काहीच दोष नव्हता, वर्षभर मी काळा चहा पिऊन उगाच तोंड वाकडं केलं. गहू : दोन पोळ्या ३५½, चार पोळ्या ३६¾. लसूण, एक पाकळी शिजवलेली : काही नाही. मध : काही नाही. फ्लॉवर : बरा. कांदा : पहिल्या दिवशी पाव कांदा, काही नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा, भाजीत, ३६½. तिसऱ्या दिवशी अर्धा कच्चा, कोशिंबिरीत, ३७¼ आणि रात्री कळ. कांदा सापडला! त्याच दिवशी सासूबाईंनीही मला पकडलं. ‘श्रावणात कांदा? चातुर्मास मोडलास?’ मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय. ‘तुझी मॅडम पंचांग बघत नाही वाटतं.’ तेव्हापासून माझी शेजारपाजारची कीर्ती संपली.

मधेच गौरी आल्या. कडधान्यांची पाळी अजून यायची होती आणि समोर पुरणपोळी. गहू आणि हरभऱ्याची डाळ, दोन्ही एकाच घासात. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, सणाला एक खा, वहीत लिहा. एक खाल्ली, तुपाबरोबर. रात्री ३५¾. मला पटेना, टेप दोनदा धरली. दुसऱ्या दिवशी उरलेली कटाची आमटी दोन वाट्या भुरकली, पोळी नाही, नुसता भात आणि आमटी. रात्री ३७. हे कसं? शुक्रवारी मॅडमना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. डाळीतल्या त्या साखरा पाण्यात उतरतात. पुरणाची डाळ शिजवून आपण निथळतो, तेव्हा त्यातला काही भाग पाण्याबरोबर जातो. ते पाणी म्हणजे कट. म्हणजे डाळीतला वारा मी निथळून वेगळा काढला, त्याला काळा मसाला लावला आणि दोन वाट्या प्यायले. कडधान्यं भिजवलेलं पाणी फेकून द्या म्हणतात तेही याचसाठी. मॅडमनी हे स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. इकडच्या नाहीत त्या, आमटी कधी खाल्ली नव्हती म्हणाल्या, म्हणून पुढच्या भेटीला डब्यातून नेली. त्यांना सोसते.

पुढे कडधान्यांची रीतसर पाळी आली. मूग चालतो, मटकी मोड आणून बरी, चवळी आणि वाटाणा नाही. मिसळीचं गणित जमवलंय. महिन्यातून एकदा, अर्धी, वरून कांदा न घेता, आणि दुसऱ्या दिवशी ट्रायलला येणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर सैल कुर्ता.

तक्रारी राहिल्या. शनिवारी जाऊ नका, वेळ पाळत नाहीत, मंगळवार-बुधवारी दहा मिनिटांत नंबर लागतो. काउंटरवर प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पाकिटं ठेवलीत, महिन्याची १,२०० रुपयांची. मॅडम स्वतः आग्रह करत नाहीत, पण रिसेप्शनची मुलगी बिल करताना ‘हे पण देऊ ना?’ म्हणते, जणू फॉल-बीडिंग विचारतेय. मी मॅडमना सरळ विचारलं. म्हणाल्या, प्रत्येक जातीच्या जिवाणूचा परिणाम वेगळा असतो, काहींना फरक पडतो, काहींना नाही, तुम्हाला आत्ता गरज नाही. मग काउंटरवर कशाला, हे मी विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यायला दोन दोन दिवस लावतात. आणि बिलावर जे ‘सहा आठवड्यांचा प्रोग्रॅम’ लिहिलंय ते खरं नाही, नीट केलं तर तीन महिने लागतात, तेवढा पैसा आणि धीर धरूनच जा. ज्यांना खाण्याचीच भीती बसलीय, वजन आधीच कमी आहे, त्यांनी तर हा उद्योग एकट्याने यादी छापून घेऊन अजिबात करू नये.

आजचं माप सांगते. सकाळी ३४, रात्री ३५¼. नवरात्राच्या घाईत, उभ्याने जेवल्यावर, एकदा ३६½ झालं होतं. सलवारींना पुन्हा नाडी घातलीय.

पाचव्या भेटीला मी त्यांचा तो मेलबर्नचा कागद परत केला आणि माझा दिला. फुलस्केपवर, निळ्या पेनने, भाकरी, वरी, सुरण, पातीचा हिरवा भाग, लसणाचं तेल, कट निथळून टाकणे. मॅडमनी दोन ठिकाणी प्रमाणं दुरुस्त केली. परवा आमच्या गल्लीतली एक बाई तिथे जाऊन आली, तिने मला कागद दाखवला. माझंच अक्षर, झेरॉक्स. रिसेप्शनवर सगळ्यांना देतात म्हणे. मला शेवटच्या भेटीत ९०० चे ९०० च लावले.